डोक्याकडची बाजू

पडद्याआडून ‘हं’ असा आवाज आला आणि आसमाच्या दोन्ही मुठी आपोआप मिटल्या. एका हातात डब्याची पिशवी होती, दुसरा रिकामा होता, तरी दोन्ही मिटल्या. सकाळची पाळी सुरू व्हायची होती. वॉर्डात फिनाईलचा वास आणि कुणाच्या तरी घरून आलेल्या फोडणीच्या पोळीचा वास एकमेकांत शिरले होते, आणि ती दारातच उभी राहिली. आपल्या ताटावर आपल्याआधी कुणी बसलेलं दिसावं तशी. आवाज तिच्या जोडीच्या सिस्टरचा, संजीवनीचा होता, त्यात शंका नव्हती. घशातून नव्हे, पार बेंबीजवळून निघणारा तो आवाज सगळ्या मलकापुरात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण तो आवाज आसमासाठी होता. इतकी वर्षं तो तिच्याचसाठी निघत आला होता, आणि आसमा तर अजून दारात होती.

चौथ्या खाटेचा हिरवा पडदा पंख्याच्या वाऱ्याने बाजूला झाला तेव्हा दिसलं ते असं. कौशल्याबाई नावाची म्हातारी चादरीसकट खाटेवरून ट्रॉलीवर चालली होती. पायाकडची टोकं नवी सिस्टर अलफिया हिच्या हातात होती, आणि डोक्याकडे उभी होती संजीवनी. डोक्याकडे! चादर दोन्हीकडून एकदम उठली, परातीसारखी सपाट, आणि म्हातारी इतकी अलगद उतरली की तिच्या दाढेतली सुपारीसुद्धा जागची हलली नसेल. आसमाला पहिल्यांदा आठवलं ते हे, की आपल्या दोघींची चादर अशी सपाट कधी उठली नाही. पेशंटचे पाय नेहमी जरा खाली लोंबायचे. संजीवनी बुटकी, म्हणून असेल, असं आसमाने कधीच ठरवून टाकलं होतं आणि तिला ते आवडायचंही. मग आज काय तिची उंची वाढली?

“आली का वं?” संजीवनीने कपाळावरचा घाम दंडाला पुसला. “हिले शिकवून राह्यली होती. हात चांगला हाये पोरीचा.”

“दिसलं,” आसमा म्हणाली, आणि डबा ठेवायला आत निघून गेली.

हात चांगला आहे. दहा-बारा वर्षांत हे वाक्य आसमाच्या वाट्याला आलं नव्हतं. तिला काय मिळालं होतं? “तू उंच हायेस, तगडी हायेस, तू डोक्याकडं हो.” पहिल्याच आठवड्यात संजीवनी हे म्हणाली होती आणि आसमा डोक्याकडे झाली ती झालीच. ज्याने कधी आजारी माणूस उचललेला नाही त्याला हे कळणार नाही. माणूस आडवा झाला की त्याचं सगळं वजन वरच्या अर्ध्यात जाऊन बसतं. डोकं, खांदे, छाती, पोट, सगळं तिकडे. खाली उरतात दोन पाय. असं उचलणं खरं तर चौघांचं काम. पण वॉर्डबॉय दोन, त्यातला एक कायम औषधं आणायला गेलेला आणि दुसरा कुठे गेला हे विचारायला गेलेला. खाटेची उंची वर-खाली करायचा दांडा मोडला तो कुणी पुन्हा बसवला नाही, ट्रॉली खाटेपेक्षा उंच, तिचा ब्रेक केव्हाच निकामी. म्हणजे वाकायचं, वाकून धरायचं आणि वाकल्या जागेवरून वर न्यायचं. डोक्याकडे कोण उभं राहतं यावर कुणाची कंबर आधी जाणार ते ठरतं. आसमाला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तिला ती जागा मिरवावीशी वाटे. दुसऱ्या वॉर्डच्या सिस्टर बघत असल्या की ती बाह्या जरा जास्तच वर सारायची.

बाकीच्या जोड्या मोजायच्या. एक, दोन, तीन, आणि उचल. या दोघी मोजत नसत. सुरुवातीला मोजायच्या, पण एक म्हातारबा होते, ते ‘दोन’ला असे घाबरायचे की खाटेची कड गच्च धरून बसायचे आणि ‘तीन’ला सुटायचे नाहीत. तेव्हा संजीवनी म्हणाली होती, मोजू नोको, मी नुसतं हं म्हणते. धामणगाव बढ्याला तिच्या माहेरी बायका शेतातून येताना एकमेकींच्या डोक्यावर गवताचा भारा अशाच द्यायच्या. एकीने हं म्हणायचं, दुसरीने मान ताठ करायची, संपलं. म्हातारबांना कळायच्या आत ते ट्रॉलीवर होते. तेव्हापासून ‘हं’ सुरू झालं. डॉक्टर त्यांना बैलजोडी म्हणायचे. चेष्टेत म्हणायचे, पण आसमाला ती पदवी वाटायची. एकदा दुपारी डबा खाताना संजीवनीने आपल्या वडिलांच्या बैलाची गोष्ट सांगितली होती. दिसायला देखणा, चालायला ऐटबाज, पण अंगचोर. जोत तुटेल इतकं ताणलेलं दिसायचं, बैल फुरफुरायचा, मान हलवायचा, आणि सगळी ओढ दुसऱ्याच्या खांद्यावर. दोन हंगाम कुणाला पत्ता लागला नाही. “मंग कसं समजलं?” आसमाने विचारलं होतं. “दुसऱ्याचा खांदा सुजला ना वं,” असं म्हणून संजीवनी खूप हसली होती, आणि तिने आपल्या डब्यातला ठेचा आसमाच्या भाकरीवर ठेवला होता. आसमाही हसली होती.

आज तो ठेचा अलफियाच्या भाकरीवर होता. दुपारी नव्हे, दहाच्या चहालाच. अलफिया चिखलीची, नुकतीच कोर्स करून आलेली, आणि वागायला इतकी गुणी की तिच्यावर रागही धड धरता येऊ नये. ती संजीवनीला ताई म्हणायची आणि आसमाला आपा. “आपा, तुमी बसा ना, सलाईन मी लावते.” बसा म्हणे! आसमाच्या मनात आलं, मी म्हातारी झाली का? मग तिने पाहिलं, खाली पडलेला कापसाचा बोळा उचलायला अलफिया नुसती खाली गेली आणि वर आली. गुडघ्यात मोडली, पाठ सरळ राहिली, हात टेकला नाही, तोंडातून ‘या अल्लाह’ निघालं नाही. चोरट्याने सोन्याच्या दुकानाकडे बघावं तसं आसमा त्या पाठीकडे बघत राहिली. हल्ली तिला हाच नाद लागला होता. रस्त्यावर झाडणारी बाई, टायर काढायला पालथा झालेला मेकॅनिक, बाजारात वांगी निवडणारे म्हातारे. कोण किती वाकतं आणि किती सहज उठतं एवढंच तिला दिसायचं. लोक दुसऱ्याचे दागिने बघून जळतात, बंगले बघून जळतात. ही बया दुसऱ्याच्या कमरा बघून जळायची.

“गुडघ्यात वाक वं पोरी, कंबर नोको मोडू,” पलीकडे संजीवनी अलफियाला सांगत होती. “पोटाजवळ घे वजन. हात लांब नोको करू. अन् एकटीनं कधीच उचलू नोको. कोणी किती बी बोंबललं तरी.”

हेही आसमाला कुणी सांगितलं नव्हतं. तिने एकटीने कितीतरी माणसं उचलली होती. संजीवनी कागद लिहीत बसलेली असायची, किंवा पायऱ्या उतरून खाली गेलेली असायची, आणि आसमा पेशंटच्या काखेत हात घालून त्याला वर ओढायची, पुढच्याकडे जायची. वर येताना संजीवनी म्हणायची, “झालं बी? तू म्हंजे वाघीण हायेस.” आणि आसमा त्या एका शब्दावर पुढच्या दोन पाळ्या काढायची. आता तो शब्द तिला आठवायलाही नको वाटला.

तिची कंबर गेली होती. हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या आधी डावा पाय मांडीपासून करंगळीपर्यंत झिणझिणायला लागला, मग सकाळी चप्पल घालताना बोटं चपलेत गेली की नाही ते बघावं लागायला लागलं. मलकापुरात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, म्हणून ती मामेबहिणीकडे जाते असं सांगून बुलढाण्याला गेली. राजूर घाटात एसटी वळणावर वळली की पाठीत सुरी फिरल्यासारखं होत होतं आणि ती खिडकीच्या गजाला धरून शेजारच्या बाईशी हसून बोलत होती. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला, मणक्यांतली गादी सरकली आहे म्हणाले, आणि विचारलं, तुम्ही काय हमाली करता का? नर्स आहे म्हटल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, तेच ते. उचलणं आजपासून बंद, वाकणं बंद. नाहीतर हे पाऊल लुळं पडेल, आणि मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही. बसून करायचं काम मागून घ्या. बसून करायचं काम दवाखान्यात एकच होतं, खालच्या मजल्यावरच्या लसीच्या खोलीतलं, आणि ती जागा महिन्याभरापासून रिकामी होती. इन्चार्ज सिस्टरकडे एक शब्द टाकायचा अवकाश. आसमाने तो टाकला नाही. ती खाली गेली की वर डोक्याकडे कोण उभं राहील, हे तिला झोपेतसुद्धा दिसायचं. पाऊल लुळं पडलं तरी चालेल, असं काही तिने मनात म्हटलं नाही. पण रोज सकाळी ती वॉर्डाच्या पायऱ्या चढायची, म्हणजे म्हटल्यासारखंच झालं.

घरीही तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. तिचा नवरा अकरम कापूस पिंजून गाद्या भरायचा. स्टेशन रोडच्या अलीकडे त्याचं दुकान होतं आणि अर्धं मलकापूर त्याच्या गाद्यांवर झोपायचं. डॉक्टरांनी मऊ गादी बंद केल्यापासून त्याची बायको फरशीवर सतरंजी टाकून झोपायला लागली. उकडतं म्हणाली. थंडी पडल्यावरही उकडतंच म्हणाली. “सगळ्या दुनियेले गादी विकतो, अन् मही घरवाली फरशीवर,” अकरम एकदाच बोलला, आणि मग त्याने तिची गादी उसवून कापूस पुन्हा पिंजला, नवं कव्हर घातलं आणि जागेवर ठेवून दिली. ती तशीच पडून होती. नमाजाचं आणखी वेगळं. सजद्यात गेलं की वर येताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. एके दिवशी तिने खुर्ची ओढली आणि खुर्चीवर बसून नमाज पढली. सासूने तसबीहचे मणी ओढायचे थांबवून बघितलं. “अल्लानं आजाऱ्याले माफी देल्ली हाये,” सासू म्हणाली. “पण तू आजारी हायेस का? तसं सांग ना मंग.” आसमाने दुसऱ्या दिवशी खुर्ची जागेवर नेऊन ठेवली आणि पुन्हा सजद्यात गेली, कपाळ टेकवलं, आणि कपाळ टेकलेलं असताना, जिथे दुसरं काही मनात यायला नको तिथे, तिच्या मनात आलं की त्या पोरीला मात्र सजदा किती सोपा जात असेल.

जेवणं आटोपल्यावर जब्बारशेठना फोटोसाठी खाली न्यायचं होतं. सरकी-ढेपेचे व्यापारी, अंगाने भरगच्च, ओट्यावरून घसरून खुबा मोडला होता आणि ऑपरेशन झालं होतं. त्यांना उचलायचं म्हणजे दोघींची कसोटी. आल्यापासून आसमाच त्यांना डोक्याकडून धरत आली होती आणि शेठही तिला ओळखून होते. तेवढ्यात संजीवनीची हाक आली, “अलफिया, ये वं, शेठले घेऊ.”

अलफिया. समोर आसमा उभी, हात रिकामे, आणि हाक अलफियाला. तळपायाची आग मस्तकात गेली असं म्हणतात. आसमाचा डावा तळपाय तर बधिर होता, पण आग बरोबर पोचली. ती चालत गेली आणि दोघींच्या मधे उभी राहिली.

“सरक. डोकं मी धरते.”

अलफियाने चटकन टोकं सोडली. संजीवनीने सोडली नाहीत. तिने आसमाकडे पाहिलं, मग जब्बारशेठकडे, आणि अगदी हळू म्हणाली, “आसमा, तू पायाकडं जाय.”

“काऊन?”

“जाय म्हन्लं ना. अलफिया, तू ट्रॉली दाबून धर.”

“काऊन वो बाई, आज बाजू बदलली?” खालून जब्बारशेठ म्हणाले. “मले तं आपाच धरते डोक्याकून. तिचा हात सवयीचा हाये.”

सगळा वॉर्ड ऐकत होता. समोरच्या खाटेवरच्या पेशंटची बायको केळं सोलता सोलता थांबली होती. आसमाला वाटलं, आपलं काहीतरी चारचौघांत काढून घेतलं जात आहे आणि ते काय आहे याचं नावही आपल्याला घेता येत नाही. भांडावं तर कशासाठी भांडावं? मला जड बाजू द्या, यासाठी? तिने दात आवळले, पायाकडे गेली आणि चादरीची टोकं मुठीत गुंडाळली. या बाजूने तिने कधी खाट बघितलीच नव्हती. इथून पेशंटचं तोंड लांब दिसतं, आणि डोक्याकडे उभं असलेलं माणूस सगळंच्या सगळं दिसतं, कमरेपासून केसांपर्यंत.

“हं,” संजीवनी म्हणाली.

आणि आसमाने उचललं. दहा-बारा वर्षांच्या सवयीने, हं निघताक्षणी, पाठीतली सगळी ताकद लावून उचललं, आणि ती मागे कलंडता कलंडता वाचली. कारण वजनच नव्हतं. रिकामी घागर भरलेली समजून उचलावी तसे जब्बारशेठचे दोन पाय तिच्या छातीपर्यंत वर आले. आणि डोकं होतं तिथेच होतं. संजीवनीचे हात अजून गादीवर होते. हं संपून गेलं होतं, हवेत उरलंही नव्हतं, आणि मग, एक श्वास जाऊन दुसरा येईल एवढ्या वेळाने, ते हात वर आले.

“ओ बाई! मले उलटं टांगता काय?” जब्बारशेठ ओरडले. “पाय आभायात अन् डोकं पाताळात!”

केळं सोलणारी बाई फस्सकन हसली. अलफियाने पोटाने ट्रॉली दाबून धरली, शेठ कसेबसे त्यावर आले, सगळं निभावलं. आसमाच्या हातात चादर तशीच होती. तिला हसू आलं नाही, पाठीत कळ आली तीही तिला जाणवली नाही. ती संजीवनीच्या हातांकडे बघत होती आणि संजीवनी त्या बघण्याकडे बघत नव्हती. ती उशी नीट करण्यात फार म्हणजे फारच गुंतली होती. सकाळी, या पोरीबरोबर, चादर परातीसारखी उठली होती. म्हणजे या हातांना हंच्या तालावर उठता येत होतं. फक्त समोर आसमा असली की ते थांबत होते. पेशंटचे पाय नेहमी खाली लोंबायचे ते उंचीमुळे नव्हते.

शेठना खाली पाठवल्यावर दोघी मागच्या जिन्यावर भेटल्या. मळक्या चादरींची गाठोडी टाकायची जागा होती ती. भेटल्या म्हणजे आसमा तिथे जाऊन उभी राहिली आणि संजीवनीला यावंच लागलं.

“तू हं म्हणायची,” आसमा म्हणाली, “अन् मी उचलायची. अन् तू?”

संजीवनी गाठोड्यावर बसली. मग कुर्त्याची कड वर केली. आत पोटापासून छातीपर्यंत रुंद पट्टा आवळलेला होता, जुना, कडांना मळलेला, चिकटपट्टीचे केस निघालेला.

“मह्या ऋत्विकच्या बाळंतपणापासून कमरेले हाये,” ती म्हणाली. “तू इथं लागायच्या आधीपासून. सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मले. तवा पोरायचे बाबा बी वारलते. तू आली. उंचपुरी, तगडी. मले वाटलं, हिले काई होत नाही.”

“अन् अलफियाले होते?”

“ते लेकरू हाये वं. मह्या लेकीएवढं, संध्याएवढं. तिले डोक्याकडं उभं कराले हात नाही धजला.”

“माह्यावर धजला.”

“तुही सवय झाली होती मले,” संजीवनी म्हणाली. मग घाईघाईने म्हणाली, “तुही कंबर गेली हे मले दिवाळीपासून ठाव हाये. हंच्या आधी तू दात खाते. म्हून तं हिले तयार करून राह्यली. म्हन्लं आता डोकं आपण धरू. पट्टा हाये. जेवढे दिवस निघतीन तेवढे निघतीन. सवयीचं मातर लय वंगाळ असते आसमा, तू समोर आली की हातच उठत नाही. आज बी नाही उठले, पाह्यलं ना?”

ती रडत होती. आसमाने चिडायला हवं होतं, आणि तिने मनात राग शोधून पाहिला, पदराची गाठ चाचपावी तसा. तो होता, पण वरवर होता. त्याच्या खाली दुसरंच काही होतं आणि ते तिला स्वतःलाच ओळखू येईना. तिची कंबर गेली, पाऊल लुळं पडत चाललं होतं, फरशीवर झोपून थंडी काढली. आणि या सगळ्याचा पश्चात्ताप जेव्हा झाला, तेव्हा तो जाऊन पडला कुणाच्या पदरात? त्या पोरीच्या. गुडघ्यात वाक पोरी, एकटीने उचलू नको पोरी, डोकं मी धरते पोरी. पाप आसमाच्या पाठीवर झालं आणि पुण्य अलफियाच्या. माणसाने कशाकशाचा हेवा करावा! तिने धनाचा केला नाही, रूपाचा केला नाही. तिला दुसरीच्या वाट्याला गेलेल्या माफीचा हेवा वाटत होता. आणि त्यातही वाईट हे, की समोर रडणाऱ्या या बाईच्या डोक्यावरून हात फिरवावा असंही तिला वाटत होतं. आसमाची आई वारली तेव्हा हीच चार दिवस दोघींच्या पाळ्या एकटीने करत होती. तेव्हा पट्टा होताच.

तिने हात फिरवला नाही. “अंगचोर,” ती म्हणाली. संजीवनीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिला तिचीच बैलाची गोष्ट आठवली असावी.

पाळी संपायच्या आधी आसमा इन्चार्ज सिस्टरकडे गेली, बुलढाण्याचा फोटो टेबलावर ठेवला आणि लसीच्या खोलीतली जागा मागितली. हो-नाही झालं, सुस्कारे झाले, आधी का नाही सांगितलं झालं, आणि मिळाली. वॉर्डात परत आली तेव्हा अलफिया खाटांच्या चादरी ताणत होती.

“आपा, खरंच जाऊन राह्यल्या तुमी?” तिचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. “मले अजून हं जमत नाही नीट.”

“जमवू बी नोको,” आसमा म्हणाली. तिचा स्वर तिला वाटला त्यापेक्षा करडा निघाला. “हंवर उचलायचंच नाही. ताई किती बी म्हणू दे. मोजायचं. तोंडानं, मोठ्यानं, दोघींनी. एक, दोन, तीन. मोजलं की कोण मागं राह्यलं ते समजते. अन् तिचा बी पट्टा सैल होतो मंधातच, तवा तिले बी एकटीले डोकं धरू देऊ नोको. वॉर्डबॉयले हुडकून आण. नसला तं पेशंट राहू दे जागेवर.”

“हाव आपा.”

“म्हन पाहू.”

“एक, दोन, तीन,” अलफिया म्हणाली, शाळेतल्या पोरीसारखं.

आसमाने मान हलवली. पोरीच्या भल्याचं सांगितलं, यात खोट नव्हती. पण कठड्याला धरून जिन्याची एकेक पायरी खाली येताना ती स्वतःशी पुरती प्रामाणिक होती. ते हं तिने मागे ठेवलं नव्हतं. ज्या हंने तिची पाठ खाल्ली ते ती दुसरीच्या हाती लागू देणार नव्हती. घरी जाऊन तिने सासूसमोर खुर्ची ओढली, बसून संध्याकाळची मगरिबची नमाज पढली, आणि सासूने विचारायच्या आत सांगितलं, “हाव, आजारी हाये मी.” अकरमने आतून ऐकलं. तो बाहेर आला आणि त्याने तिची सतरंजी झटकून फरशीवर नीट अंथरली.

दुसऱ्या दिवशी लसीच्या खोलीत बायकांची रांग होती. खोली वॉर्डाच्या बरोबर खाली, जिन्यातून आवाज येतो. दहाच्या सुमाराला वर ट्रॉलीची चाकं कुरकुरली आणि आसमाचे कान टवकारले. सुईची टोपी तिच्या बोटांत राहिली. मग आला, अलफियाचा पातळ आवाज, आणि त्याच्याबरोबर जरा मागून, जाडसर, संजीवनीचा. एक. दोन. तीन. आणखी काहीच नाही. बेंबीजवळचा तो आवाज आला नाही. आसमाला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली, तरीही वाटतच राहिलं.

“घ्या ना बाई,” समोरची बाई म्हणाली आणि तिने आपलं लेकरू पुढे केलं. दीड महिन्याचं, टोपडं घातलेलं, वजन ते काय असणार. नुसती उबदार हवा. आसमाने दोन्ही हात खाली घातले, एक मानेखाली, एक पायाखाली, त्याला वजनकाट्यावर ठेवायला वर घेतलं, आणि तिच्या पोटातून, पार बेंबीजवळून, आवाज निघाला, “हं.”